थॅचरबाईंचा चित्रपट आणि इंदूरचा वाद

इंदिरा गांधींवरचा ‘इमर्जन्सी’ हा चित्रपट 17 जानेवारी 2025 रोजी पडद्यावर आला आणि इंदूरच्या आमच्या घरातला जुना वाद नव्याने पेटला. माझे काका आणीबाणीत मीसाखाली, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, तुरुंगात होते. मध्य प्रदेश सरकार मीसाबंदींना ‘लोकतंत्र सेनानी’ म्हणून जो सन्माननिधी देते तो त्यांना मिळतो, आणि चित्रपटाने बाईंना फारच स्वस्तात सोडले असे त्यांचे ठाम मत आहे. आत्या बँकेतून निवृत्त झाली आहे. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नसते तर रामबागेतल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला बँकेची नोकरी लागलीच नसती असे ती मानते, आणि ज्या बाईने हे केले तिच्यावरचा चित्रपट भाजपच्या खासदार कंगना रनौत यांनी काढावा व तिची भूमिकाही स्वतःच करावी, यात तिला उघड डाव दिसतो. दोघांचा वाद चित्रपटावर फार वेळ टिकत नाही, तो लगेच बाई मुळात कशा होत्या यावर जातो आणि मग निवाड्यासाठी मला फोन येतो. तुमच्या विलायतेत पंतप्रधान राहिलेल्या थॅचरबाईंवर त्या जिवंत असताना चित्रपट निघाला, कुणी आडवे आले नाही, मग आपल्याकडेच एवढा गोंधळ का, हा काकांचा ठरलेला प्रश्न असतो. फोनवर त्याचे उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नात गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी वाकडी आहे.

‘द आयर्न लेडी’ हा तो चित्रपट ब्रिटनमध्ये जानेवारी 2012 मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन फिलिडा लॉइड यांचे, पटकथा ॲबी मॉर्गन यांची, आणि मार्गारेट थॅचर यांच्या भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप यांना ऑस्कर मिळाले. थॅचर तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे त्यांच्या मुलीने 2008 मध्ये जाहीरपणे लिहिले होते. चित्रपट सगळा त्या आजारावर उभा आहे, त्यामुळे आडवे कुणी आले नाही हे खरे असले तरी कुरकुर बरीच झाली. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी अभिनय वाखाणला, पण हा चित्रपट आत्ताच काढायची काय गरज होती असेही विचारले. थॅचरांच्या चाहत्यांना तो हयात आजारी माणसाची विटंबना वाटला, आणि मी राहते त्या, जुन्या कोळसाखाणींच्या दक्षिण यॉर्कशायरमध्ये तो म्हातारपणाच्या आडून सहानुभूती मिळवणारा वाटला.

दुसरे असे की, ‘इमर्जन्सी’चा गोंधळ फक्त आपल्याकडेच झाला हेही खरे नाही. भारतात तो सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापायी सप्टेंबर 2024 पासून अडकला होता, शीख संघटनांचे आक्षेप होते, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि काटछाट होऊन तो सुटला. ब्रिटनमध्ये तो विनाअडथळा लागेल अशी समजूत असणाऱ्यांनी जानेवारी 2025 मधल्या बातम्या पाहाव्यात. लंडनच्या हॅरो भागात तोंडे झाकलेले लोक चित्रपटगृहात घुसले, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन अशा ठिकाणी खेळ बंद पडले, आणि बॉब ब्लॅकमन या खासदारांनी हा विषय ब्रिटिश संसदेत काढला. विलायतेचे आविष्कारस्वातंत्र्य आपल्या माणसांचा आपसातला वाद तिथे पोहोचेपर्यंत टिकते, असे मी काकांना सांगितले तेव्हा ते खूश झाले, पण मला म्हणायचे होते ते एवढेच नव्हते.

थॅचरांच्या चित्रपटाची सुरुवात एका दुकानात होते. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी दुधाची बाटली घेते, भाव वाढला म्हणून मनात चरकते, आणि मागचा तरुण तिला ढकलून पुढे जातो. ही बाई कोण हे दुकानात कुणालाही ओळखू येत नाही. ब्रिटिश प्रेक्षकाला दुधाचा संदर्भ लगेच लागतो, कारण शिक्षणमंत्री असताना 1971 साली सात वर्षांवरच्या शाळकरी मुलांचे मोफत दूध याच बाईंनी बंद केले होते आणि त्यावरून त्यांना ‘दूधचोर’ हे नाव पडले होते. आता कायदा करणारी बाई स्वतः दुधाच्या भावाला धास्तावते, एवढे दाखवून चित्रपट पुढे जातो. ज्या मुलांचे दूध गेले त्यांच्यातला एकही त्यात नाही. पुढे सगळा काळ ती आपल्या मेलेल्या नवऱ्याशी बोलत राहते, त्याचे कपडे पेटीत भरते, आणि राजकारण हे तिच्या विस्कळीत आठवणींत येते. फॉकलंडचे युद्ध, 1984 चा ब्रायटनमधला बॉम्बस्फोट, मंत्रिमंडळात जेफ्री हाऊ यांना शाळेतल्या पोराला झापावे तसे झापणे, हे सगळे आहे. कोळसाखाणी बंद करण्याविरुद्धचा खाणकामगारांचा संपही आहे, पण तो गाडीच्या काचेवर हात आपटणाऱ्या संतप्त चेहऱ्यांचा आहे. ते चेहरे आतून, बाईंच्या जागेवरून दिसतात. लग्नाची मागणी घालणाऱ्या डेनिसला तरुण मार्गारेट बजावते की, कपबशा विसळत मरायचे मला मान्य नाही, आणि शेवटच्या दृश्यात ती एकटी चहाचा कप विसळते. प्रसंग म्हणून तो फार चांगला बांधलेला आहे आणि स्ट्रीप बाईंचे कसब वादातीत आहे. तरीही मला तो पाहताना राग आला, कारण साडेअकरा वर्षे देशाचा कारभार केलेल्या पंतप्रधानाचा हिशेब शेवटी संसार आणि कपबशीवर आणून ठेवण्याची हिंमत पुरुष पंतप्रधानाच्या बाबतीत कुणी केली असती असे मला वाटत नाही.

‘इमर्जन्सी’मध्ये नवऱ्याच्या जागी मुलगा आहे. संजयच्या मोहात आईचा विवेक सुटतो, दिल्लीच्या तुर्कमान गेटची पाडापाडी आणि सक्तीची नसबंदी ही त्याची करणी ठरते, आणि आई पश्चात्तापाने आरशात पाहते. काकांना बाई सुटल्या असे वाटते ते यामुळे, आणि आत्याला बाईंना कमकुवत दाखवले असे वाटते तेही यामुळेच. माझ्या मते दोघांची तक्रार एकच आहे. मंत्रिमंडळाने मंजूर केलेला, राष्ट्रपतींनी सही केलेला, हजारो जिल्हाधिकाऱ्यांनी, फौजदारांनी आणि संपादकांनी निमूट अमलात आणलेला निर्णय एकदा मायलेकरांच्या नात्यात बसवला की बाकी कुणालाच काही विचारायचे उरत नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या मोजणीनुसार त्या काळात मीसा आणि भारत संरक्षण नियमांखाली 1,10,806 माणसे पकडली गेली. एवढी माणसे एका मुलाच्या हट्टापायी कोठडीत गेली हे पटकथेला सोयीचे असेल, पण इंदूरच्या ज्या हवालदाराने पहाटे येऊन काकांना नेले, तो आमच्याच आळीत गणपतीच्या आरतीला येणारा गृहस्थ होता.

आमच्या घरातली खरी गाठ यापेक्षा अवघड आहे, आणि ती या वादात कधीच निघत नाही. आजोबा स्वदेशी मिलमध्ये टाइमकीपर होते. साठीच्या दशकापासून इंदूरच्या कापड गिरण्या खंगत चालल्या होत्या, पगार लांबत होते. 1974 मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि इंदूरच्या मालवा, कल्याण आणि स्वदेशी या मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. आजोबांचा पगार पुन्हा महिन्याच्या महिन्याला येऊ लागला, आणि त्याच पगारातून पुढच्याच वर्षी ते तुरुंगातल्या मुलासाठी डबा आणि स्वेटर पाठवत होते. पगार वाचवणारी आणि मुलाला आत टाकणारी बाई एकच होती. आजोबांनी तिच्याबद्दल घरात वाईट शब्द काढू दिला नाही आणि 1977 मध्ये मत जनता पक्षाला दिले. त्यांना यात काही विसंगत वाटले नाही.

माझ्या इथल्या शेजाऱ्याचीही जवळपास अशीच कथा आहे. तो म्हातारा खाणीत होता, 1984–85 च्या संपात वर्षभर बिनपगारी बसला आणि थॅचर हे नाव उच्चारताना आजही खालच्या आवाजात शिवी घालतो. त्याने आयुष्य काढले ते घर नगरपालिकेचे होते. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना अशी घरे सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला आणि थॅचरांच्या कारकीर्दीत दहा लाखांहून अधिक घरे अशी विकली गेली. त्यानेही घेतले. त्या विक्रीच्या पैशातला बहुतेक भाग नगरपालिकांना नवी घरे बांधायला वापरू दिला नाही, त्यामुळे त्याच्या नातवाला आज भाड्याचेही घर परवडत नाही, हे तो स्वतःच सांगतो. पुन्हा खाणी बंद करण्याचा इतिहास थॅचरांपासून सुरू होत नाही. संख्येने पाहिले तर मजूर पक्षाच्या हॅरोल्ड विल्सन यांच्या काळात त्याहून जास्त खाणी बंद झाल्या, पण तेव्हा दुसरी कामे होती. हेही शेजाऱ्यानेच मला सांगितले, आणि वर बजावले की हे सगळे खरे असले तरी बाईला माफी नाही. चित्रपट त्याने पाहिलेला नाही.

मी राहते ती वसाहत ऑरग्रीव्हला आहे. 18 जून 1984 रोजी इथल्या कोकच्या कारखान्यासमोर संपकरी आणि पोलीस यांची गाठ पडली, घोडेस्वार पोलीस जमावावर घातले गेले, आणि नंतर 95 जणांवर दंगलीचे व तशाच स्वरूपाचे खटले भरले गेले. दंगलीच्या आरोपाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पोलिसांचे जबाब एकमेकांची नक्कल केल्यासारखे निघाले आणि खटला कोसळला. 1991 मध्ये दक्षिण यॉर्कशायर पोलिसांनी 39 जणांना सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली, पण चूक झाल्याचे मान्य केले नाही. त्या जागी आता विद्यापीठाचे संशोधन केंद्र आणि आमच्यासारख्यांची विटांची नवी घरे आहेत. घर घेताना वकिलाने नेमाप्रमाणे खाणकामाचा दाखला मागवला होता. आपल्या घराखाली कोणत्या थरातला कोळसा काढला गेला, जमीन खचण्याचा धोका किती, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. जवळच कॉर्टनवूड आहे, जिथली खाण बंद करण्याच्या घोषणेने मार्च 1984 मध्ये संपाची ठिणगी पडली. आता तिथे दुकानांचे मोठे संकुल आहे आणि शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. गोल्डथॉर्प नावाच्या गावात 17 एप्रिल 2013 रोजी, लंडनमध्ये थॅचरांची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी, लोकांनी त्यांचा पुतळा शवपेटीत घालून जाळला. इंदूरला हे सांगितले की आत्या म्हणते, मेलेल्या माणसाशी असे वागणारे लोक आपल्याला सभ्यता शिकवणार काय? मला त्या जाळण्यात सभ्यता दिसत नाही, पण एकोणतीस वर्षे झाल्यावरही लोकांना आपले काय गेले आणि कुणी नेले हे नावानिशी ठाऊक आहे, याचा मला हेवा वाटतो.

हेवा अशासाठी की, इंदूरच्या मिल एरियात तसे नाव नाही. हुकुमचंद मिल 1991–92 च्या सुमारास बंद पडली. ती खासगी होती. मग मालमत्ता विकून देणी फेडणारा अवसायक नेमला गेला, बँकांचे दावे, राज्य सरकारचा जमिनीवरचा दावा, उच्च न्यायालयाने 2007 मध्ये कामगारांसाठी ठरवलेले 229 कोटी, आणि त्यापुढेही तारखा. शेवटी 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला, त्याचा समारंभ झाला आणि 4,800 कामगारांची थकबाकी फिटली असे जाहीर झाले. तोवर त्यांच्यातले कित्येक जण गेले होते. सरकारजमा झालेल्या तीन मिलही वाचल्या नाहीत, त्याही पुढे बंदच पडल्या. परदेशीपुऱ्यात, नंदानगरात कुणालाही विचारा की मिल कुणी बंद केली, तर युनियन, मालक, पॉवरलूम, दिल्ली, भोपाळ, नशीब अशी दहा उत्तरे मिळतील. सगळी थोडी थोडी बरोबर आहेत. त्यामुळे तिथे कुणाचा पुतळाही जळला नाही आणि कुणावर चित्रपटही निघाला नाही. मिल बंद झाल्यावरही अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र रात्रभर शहरातून फिरतात, चंदा जमवून त्या बनवल्या जातात, आणि पाहणाऱ्या लाखोंच्या गर्दीत मिलचा भोंगा कधीही न ऐकलेली पोरेच जास्त असतात. ब्रिटनमध्ये एका चेहऱ्यावर सगळे ढकलले गेले आणि आमच्याकडे चेहराच नाही म्हणून हिशेब मागायचा राहिला. यांतले कुठले बरे हे मला अजून ठरवता आलेले नाही, पण निदान शिवी द्यायला नाव असले की त्या नावामागच्या फायली कुणीतरी उघडतो, असे इथे राहून दिसते.

ज्या शहराच्या विमानतळाला, विद्यापीठाला आणि निम्म्या दुकानांना एका राज्यकर्त्या स्त्रीचे नाव आहे, त्या शहराने याबद्दल जास्त सावध असायला हवे होते. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षे राज्य केले. त्यांची पत्रे आहेत, वसुलीचे, घाटांचे, विहिरींचे हिशेब आहेत. तरी इंदूरच्या घराघरांत पांढरी साडी, हातात शिवलिंग एवढेच चित्र असते. 2025 च्या मे महिन्यात त्रिशताब्दीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली, तेव्हाही भाषणांत पुण्यश्लोक बाई होत्या आणि महसूल पाहणाऱ्या बाई फारशा नव्हत्या. भक्तीने माणूस जितका झाकला जातो तितकाच तो द्वेषाने आणि दयेनेही झाकला जातो. थॅचरांच्या चित्रपटाने तिसरा मार्ग निवडला आणि तो सगळ्यांत सोपा आहे, कारण स्मृती गेलेल्या बाईला जाब विचारणे कुणालाच बरे वाटत नाही.

चित्रपट निघाला तेव्हा एक कागद अजून बंद होता, ही त्या पटकथाकारांची अडचण मी मान्य करते. जानेवारी 2014 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तीस वर्षांपूर्वीची कागदपत्रे खुली केली. त्यांत सप्टेंबर 1983 मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या एका बैठकीची नोंद निघाली. कोळसा मंडळाचे प्रमुख इयन मॅकग्रेगर यांच्या मनात तीन वर्षांत 75 खाणी बंद करायचे आहे असे तिच्यात लिहिलेले आहे, आणि या नोंदीची नक्कल काढू नये, ती कार्यालयाबाहेर जाऊ नये अशी सूचनाही आहे. संपाच्या वर्षभर सरकार आणि मंडळ सांगत राहिले की बंद करायच्या आहेत त्या वीसच. मला पडद्यावर हवी आहे ती ही खोली. तिथे कुणी कुणाच्या आठवणीत रडत नाही, कुणी आवाज चढवत नाही, मोजकी माणसे आकडा ठरवतात आणि कागद फिरवायचा नाही असे ठरवतात. त्यातही बाई असतीलच, आणि कपबशीच्या दृश्यापेक्षा कितीतरी जास्त कळतील. ऑरग्रीव्हच्या प्रकरणाची वैधानिक चौकशी सरकारने जुलै 2025 मध्ये जाहीर केली, शेफील्डच्या बिशपांच्या अध्यक्षतेखाली. घटनेनंतर एक्केचाळीस वर्षांनी. त्या जमावातले किती जण साक्षीला हयात आहेत हा प्रश्न इथे सर्रास विचारला जातो.

म्हणूनच ‘आपल्याकडेच का जमत नाही’ हा काकांचा प्रश्न मला उलटा वाटतो. आपल्याकडे ते जमले होते. आणीबाणी मार्च 1977 मध्ये उठली आणि मे महिन्यात न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. दिल्लीच्या पतियाळा हाऊसमध्ये उघड सुनावण्या झाल्या, साक्षी वर्तमानपत्रांत आल्या, आणि जानेवारी 1978 मध्ये इंदिराबाई आयोगापुढे आल्या आणि त्यांनी शपथ घेऊन साक्ष द्यायचे नाकारले. ऑगस्ट 1978 पर्यंत तिन्ही अहवाल पूर्ण झाले होते. ब्रिटनला जे एक्केचाळीस वर्षांत सुरू करता आले नाही ते आपण पंधरा महिन्यांत संपवले होते. मग 1980 मध्ये बाई पुन्हा सत्तेवर आल्या आणि अहवालाच्या प्रती मिळेनाशा झाल्या. 2010 मध्ये एरा सेळियन या जुन्या संसदपटूंनी आपल्याजवळच्या प्रतीवरून तो पुन्हा छापला. मधल्या काळात ज्यांना त्या अहवालाचा राजकीय उपयोग होता तेही सत्तेत येऊन गेले, पण तो शाळा-कॉलेजांतून, ग्रंथालयांतून सहज मिळेल असे कुणी पाहिले नाही. 2025 पासून 25 जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मीसाबंदींना हार घालतात, काकांनाही घालतात.

त्या अहवालाच्या तिसऱ्या भागात राज्याराज्यांची वेगळी नोंद आहे, अटकांचीही आणि नसबंदीचीही. त्यातले मध्य प्रदेशाचे पान दोघांनी आधी वाचावे आणि मगच मला निवाड्यासाठी फोन करावा, असे मी काका आणि आत्या दोघांनाही कळवले आहे.